तुळसाबाईची खाट

रोज संध्याकाळी तुळसाबाई रेडिओ पदरानं पुसायची, कानाशी धरायची आणि हाक मारायची, "धम्मदीप, खाट सरकव."

धम्मदीप तिचा मुलगा. वरठीच्या कारखान्यातून येऊन तो मोटारसायकल लावतो न लावतो तोच ही हाक.

"आता कुठं, माय?"

"न्हाणीकडं. तिकडं बुद्ध आइकू येते, इकडं हनुमान."

मोहाडीजवळच्या त्या गावात विहार आणि हनुमान मंदिर यांच्या बरोबर मधे तिचं घर होतं. परीक्षेच्या दिवसांत भांडण होऊन दोन्हीकडचे भोंगे उतरले. मग विहारानं भंडाऱ्याच्या एका दुकानातून एफएमचा छोटा डबा आणला. विहारात बोललेलं आता घरोघरच्या रेडिओवर ऐकू येई. लवकरच मंदिरानंही तसाच आणला, त्याच दुकानातून. दुकानदार सगळे डबे रेडिओच्या एकाच आकड्यावर लावून विकायचा.

वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनापर्यंत, विहारात रोज ग्रंथवाचन होतं. तुळसाबाईला वाचता येत नव्हतं, पण लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही वाचन चुकवलं नव्हतं. यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती बांधावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. आणि यंदाच वाचायला तिची नात बसली होती, तृप्ती. रेडिओत तृप्ती सिद्धार्थाला महालाच्या दारापर्यंत आणायची, तोच मंदिराचे गोपीचंद शेठ झांजांसकट आत शिरायचे.

तिनं शेठना बोलावून घेतलं.

"काहून गा गोपीचंद, माह्या नातीच्या तोंडात तुहं भजन कायले कोंबून राहिला?"

"मी का करू, मावशी? आमच्या आरतीत तुमची तृप्ती बोलते. परवा बाया आरती सोडून तिचंच आइकत बसल्या."

"मंग चांगलंच आइकलं त्यायनं!"

शेठ हसले. आकडा बदलायचं कबूल करून गेले आणि बदललाही. त्याच दिवशी विहारातल्यांनीही भलेपणानं आपला आकडा बदलला. मोकळा आकडा कोणता, हे दोघांनी फोनवर त्याच दुकानदाराला विचारलं होतं. त्यानं दोघांना एकच सांगितला.

संध्याकाळी पुन्हा झांजा. तुळसाबाईनं रेडिओ गोधडीत कोंबला. "दोघंबी भले निंगाले, अन् एकाच खड्ड्यात पडले."

आता पुन्हा कोणी सरकायचं, यावर दोन्हीकडे बैठका सुरू झाल्या. 'आम्ही एकदा सरकलो' हे दोघांचंही खरं होतं. म्हणून खाटच सरकत राहिली. न्हाणीजवळ, चुलीजवळ, धानाच्या पोत्यांना टेकून. वीतभर हलली की आवाज बदले. शेवटी ओसरीच्या कोपऱ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून, उशी दाराकडे केली, तेव्हा झांजा थांबल्या. त्या संध्याकाळी तृप्ती घरी आल्यावर आजीनं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"सिद्धार्थ घर सोडते तिथं थांबाचं असते वो. घाई काहून केली?"

दुसऱ्या दिवशी तृप्तीनं तो भाग पुन्हा वाचला, तिथं थांबून. खुराड्याचा वास सहन करत म्हातारी तिथंच झोपू लागली.

वर्षावास सरत आला तेव्हा तिची छाती भरली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली. तिथून ती परतली नाही. निघताना, तिला उचलून गाडीत ठेवल्यावर, ओसरी मोकळी करायला गोपीचंद शेठनी खाटेचा पाय धरला, तशी ती गाडीतून ओरडली,

"राहू दे गा तिथंच! मोठ्या मुश्किलीनं जागा लागली."