नव्या जिल्ह्याचा रांजण

"साहेब, ओंजळ धरा. वतून देतो."

शिपाई म्हणाला आणि मी ओंजळ धरली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात नवे बूट, आणि मी लातूरच्या एका नव्याकोऱ्या सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात कमरेत वाकून पाणी पीत होतो. त्यानं तांब्या चांगला उंच धरला होता. पाणी कोपरावरून बाहीत शिरलं. मला काही कळायच्या आत हात जुळले होते. लहानपणीची सवय. पुढं मला सगळ्यात जास्त राग त्या हातांचाच आला.

माझ्यामागून दुसरा कारकून आला. रांजणावरची ताटली उचलली, लांब दांड्याचं ओगराळं आत घातलं, पेला भरून घटाघट प्याला आणि निघून गेला. त्याला कुणी ओंजळ धर म्हटलं नाही. सकाळीच हजेरीला माझं आडनाव मोठ्यानं वाचलं गेलं होतं.

मागच्या मोठ्या दुष्काळात आम्ही लातूर सोडलं होतं. आई-बाप इथं खडी फोडत होते. काम संपलं, आम्ही नांदेडला गेलो. तिथं वसतिगृहात राहून मी शिकलो. बाप तिकडंच वारला. नोकरी लागली ती थेट लातूरला, आणि लातूर आता जिल्हा झालेलं. आईला घेऊन एसटीतून उतरलो तर ओळखच पटेना. पाट्यांवरचं 'तालुका' खरवडून 'जिल्हा' रंगवलेलं. गोलाईभोवती रिक्षांची गर्दी. जिथं आम्ही गोणपाटाखाली झोपायचो तिथं साहेब लोकांची क्वार्टरं. दाळमिलचा वास तेवढा जुना. मी हरखून गेलो होतो.

"बघ, समदं बदललं," मी आईला म्हणालो.

"आधी पानी कुठं हाय ते बघ," आई म्हणाली.

कारण दुष्काळ परत आला होता. टँकरमागं घागरी घेऊन बाया पळत होत्या.

खडीच्या कामावर पाणी वाटणारी बाई ओरडायची, "तुमची रांग तिकडं!" सगळ्यांदेखत. आता कुणी ओरडत नव्हतं. आता 'साहेब' म्हणून ओंजळ धरायला लावत होते. जिल्हा झाल्यावर एवढी सुधारणा झाली होती.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती ट्रंकेतून फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढून पुसत बसली.

"घरून नेत जा, बाबा. कायम व्हईपर्यंत तरी."

तिला दोन घागरींसाठी अर्धा दिवस उन्हात उभं राहावं लागायचं. त्यातलं पाणी मी कचेरीत न्यायचं, का तर तिथल्या भरलेल्या रांजणाला माझा हात लागू नये. मी तांब्या ठेवून दिला. आईवर चिडलो नाही. पण झोपलोही नाही.

दुसऱ्या दिवशी शिपाई तांब्या घेऊन पुढं आला. म्हणालो, "राहू द्या, मी घेतो." ताटली काढली, ओगराळं बुडवलं, पेला भरला, प्यालो.  व्हरांड्यातले लोक वळून बघत होते.

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी धबधब आवाज आला. खिडकीतून पाहिलं. शिपाई रांजण कलता करून ओतत होता आणि हेडक्लार्क कमरेवर हात ठेवून उभे होते. पाणी अंगणात पसरलं. बाहेर कामासाठी आलेल्या खेड्यातल्या बाया बसल्या होत्या. एकीनं पळत येऊन त्या धारेखाली आपला डबा धरला. शिपायानं तिला हाकललं.

"का हो ओतलं?" मी विचारलं.

"झुरळ पडलं होतं," हेडक्लार्क म्हणाले.

तेवढं बोलून ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना वाटत होतं, मी मान खाली घालीन.

टँकर उद्याशिवाय येणार नव्हता. दुपारी तीनच्या उन्हात सगळी कचेरी वाळून गेली. कुणी घरी पळालं, कुणी हॉटेलात चहावर चहा ढोसला. हेडक्लार्कांनी मला टेबलापाशी बोलावलं. आवाज अगदी मऊ.

"चार लोकांना तहानलेलं ठेवलं तुम्ही. अजून कायम व्हायचंय तुम्हाला."

 आईचं तोंड आठवलं. ही नोकरी गेली तर परत नांदेड, परत कुणाच्या तरी दारात. सगळं आठवलं, तरी तोंडून निघालंच.

"मी प्यालो, साहेब. सांडलं तुम्ही."

ते पंख्याखाली घाम पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, रांजण भरला. हेडक्लार्क खुर्ची ओढून मुद्दाम तिथंच बसले होते. मी त्यांच्यासमोर ताटली उचलली आणि ओगराळं तळापर्यंत बुडवलं.  सावकाश प्यालो. पेला पालथा घातला.

"ओतायचं असंल तर ओता," मी म्हणालो. "मी उद्या बी बुडवनार. परवा बी."

कचेरी त्यांची होती, शिपाई त्यांचा होता, माझी नोकरीही त्यांच्याच हातात होती. पण तहान सोसायची सवय मला होती. त्यांना नव्हती.