चिरलेली तबकडी

ब्लूज ऐकायला मला शिकवलं दौंडच्या एका निवृत्त रेल्वे गार्डनं. डिप्लोमा करताना मी दौंडला मावशीकडे राहायचे आणि ते शेजारी होते. अँग्लो-इंडियन माणूस, अख्खी गल्ली त्यांना अंकल म्हणायची. मुलाखतीत इंग्रजी बोलता यावं म्हणून मावशीनं मला त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. शिकवून झालं की ते कॅसेट लावायचे. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांची गाणी, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची. एक माणूस, एक गिटार, बस. निम्मे शब्द कळायचे नाहीत, तरी मी उठून जायचे नाही.

त्यांच्या कपाटात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली ग्रामोफोनची एक तबकडी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दौंडला थांबलेल्या गाडीतल्या एका काळ्या अमेरिकन सैनिकानं ती त्यांच्या वडिलांना दिली होती. वडील इंजिन ड्रायव्हर. घरात ती सणासुदीलाच लागायची. पुढं रेल्वेचं क्वार्टर सोडताना ती पडली आणि कडेपासून मधल्या कागदापर्यंत चिरली. त्यानंतर तिच्यावर सुई ठेवायचं धाडस अंकलना झालं नाही.

मला रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटीत नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. ते म्हणाले, "बेटा, त्या तबकडीवरचं गाणं मला एकदा साफ ऐकायचंय. तू आता मशीनवाली. ढूंढ के ला."

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे. पुण्यातून एक सीडी आणली. खरखर नावाला नव्हती, पण गाणारा तोंडावर रजई घेऊन गात होता. शिरूरच्या सायबर कॅफेतून दुसरी आवृत्ती उतरवली. तिच्यात गिटार पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखी. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी मी एस.टी.नं न्हावरं, केडगाव चौफुला करत दौंड गाठायचे, आणि अंकल शेवटपर्यंत ऐकून घेऊन नम्रपणे म्हणायचे, "माणूस तोच आहे. पण तो खोलीत येत नाही."

सायबर कॅफेतच मला जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांचा इंटरनेटवरचा एक कट्टा सापडला. तिथं विचारलं, या गाण्याची सगळ्यात चांगली आवृत्ती कुठली? एका म्हाताऱ्या अमेरिकन मास्तरांचं उत्तर आलं. चांगली अशी एकही नाही, म्हणाले. सगळ्या आवृत्त्या एकाच झिजलेल्या तबकडीवरून काढल्यात, कारण दुसरी कुणाला ठाऊकच नाही.

मी लिहिलं, इथं दुसरी आहे, पण चिरलेली.

तासाभरात उत्तर. "चीर असू द्या. सुई फिरते ते आतले चर झिजलेत का, ते सांगा."

अंकलनी तबकडी अभ्र्यासकट माझ्या हातात दिली. आम्ही ज्या फोमच्या पेटीतून मापं तपासायची गेज पाठवायचो, तसल्या पेटीत घालून मी ती मांडीवर घेऊन आणली. कारखान्यात साहेबांची परवानगी काढून, जेवणाच्या सुट्टीत ती मायक्रोस्कोपखाली धरली. चर काळे, गुळगुळीत, दोन्ही भिंती शाबूत. सणासुदीलाच लागत आल्यानं ती जवळजवळ नवी राहिली होती. मी डबा न उघडताच पुन्हा कामाला लागले.

मास्तरांनी पोस्टानं वेगवेगळ्या जाडीच्या चार सुया पाठवल्या, सुई बसवायच्या मुंडक्यासकट. शिरूरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे अठ्ठ्याहत्तरच्या वेगाचा एक प्लेअर धूळ खात पडला होता, तो त्यानं चालू करून दिला. केंदूरला, आमच्या गावी, घरी कॉम्प्युटर होताच. चिरेच्या दोन्ही कडा एका पातळीत येत नव्हत्या, म्हणून फट मोजायच्या फीलर गेजच्या पातळ पट्ट्या खाली सारल्या. तिसऱ्या सुईला आवाज उठला.

पण चीर प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् करायची. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, गाणं तीन मिनिटांचं. सव्वादोनशेच्या वर ठोके. मास्तर म्हणाले, खरखर काढणारं सॉफ्टवेअर वापरू नका, ते आवाजाचा जीवही काढून घेतं. मग रविवारी दुपारी बसून मी एकेक ठोका स्क्रीनवर शोधला आणि हातानं पुसला. सात रविवार लागले.

आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी मेंढरं राखत हिंडलेले. ते दारात बसून सगळं ऐकायचे. एकदा म्हणाले, "पोरी, हा गडी एवढ्या घाईनं न्हाई गात. ह्याला मागनं कुनीतरी हाकलतंय."

"तुम्हाला कसं कळतं, आबा?"

"दम कुठं घेतोय बघ की. चालत्या मान्साचा दम न्हाई त्यो, पळणाऱ्याचा हाय."

मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, त्या काळी ध्वनिमुद्रणाची सगळी यंत्रं नेमक्या अठ्ठ्याहत्तरवर चालत नसत. तुमच्या वडिलांचं ऐका. मी वेग थोडा थोडा उतरवत गेले. आबा मान हलवत राहिले आणि एका जागी थांबवून म्हणाले, "व्हय. आता बसला."

आणि खरंच बसला. आवाज खाली उतरून छातीतून यायला लागला. गिटारच्या मागं पायाचा ठेका ऐकू आला, लाकडी फळीवरचा. तो एकाही सीडीत नव्हता.

मास्तरांना मी फाइल पाठवली. त्यांचं उत्तर मला पाठ आहे: "चाळीस वर्षं हे गाणं ऐकतोय. हा पाय मी आज पहिल्यांदा ऐकला. याहून चांगली आवृत्ती जगात नाही."

दौंडला मी स्पीकर घेऊन गेले. भर दुपारी अंकलच्या व्हरांड्यात लावले. पहिली ओळ आली आणि अंकल खुर्चीत ताठ बसले, दारावर कुणी हाक मारावी तसे. गाणं संपलं. मग आत वळून आंटींना म्हणाले, "बाहेर ये. तो आलाय."

त्या दुपारी गाणं अकरा वेळा लागलं. पाचव्या वेळेला अंकल-आंटी नाचले. मावशी हातातलं पीठ तसंच घेऊन बघायला आली, समोरचे निवृत्त ड्रायव्हर कठड्याशी येऊन उभे राहिले, आणि माझ्या इंग्रजीला कधीही शाबासकी न देणाऱ्या अंकलनी सगळ्यांना सांगितलं, "हे ह्या पोरीनं केलंय. पूरी दुनिया में किसी के पास नहीं."

वर्षभरानं मास्तरांनी काढलेल्या संग्रहाची सीडी आली. आमचं गाणं पहिलंच होतं. पुस्तिकेत त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं की मूळ तबकडी दौंडची, तिच्यावरून आवाज उतरवला केंदूरला. आबांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "यात केंदूर कुठं लिवलंय?" मी बोट ठेवलं. त्यांनी त्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि ती घेऊन सरळ चावडीकडं निघाले.