सोळाच्या जागी चार

चूक माझी होती आणि ओरडलो मात्र दौंडहून येणाऱ्या सहकारी बाईंवर. साच्यात वितळलेला धातू कसा वाहील, ते आम्ही कारेगावच्या ऑफिसात संगणकावर जाळी आखून पाहतो. अरुंद जागी जाळीचा चौकोन दर टप्प्याला अर्धा होतो. चार टप्प्यांनी एक मिलिमीटर हवा असेल, तर सुरुवात सोळाने करायची. मी चारने केली. जाळी नको इतकी बारीक झाली, संगणक सारखा अडकू लागला आणि मी वैतागून बाईंना ड्रॉइंगच पुन्हा पुन्हा तपासायला लावले. त्या संध्याकाळी त्यांच्या बहिणीचा साखरपुडा होता.

"सर, ड्रॉइंगला काय झालं न्हाई. तुमचा आकडा बघा की एकदा!"

बघितला. मग त्यांना माझ्या गाडीने दौंडला नेले. पंगत उठत होती. त्यांच्या वडिलांसमोरच म्हणालो, "आप्पा, उशीर माझ्यामुळं झाला." मग बाईंकडे वळलो. "ताई, चुकलो. माफ करा."