तिला सिनेमा आवडत होता

आमच्या मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की तुमच्या आईला सिनेमाची आवड नव्हती. ते खोटं आहे.

लग्नानंतर दर रविवारी आम्ही भिवंडीतल्या एका व्हिडिओ सेंटरला जायचो. कॅसेटवरून कॅसेट उतरवलेली, चित्रावर पांढऱ्या रेघा, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. ती खारबाव गावातली, हिंदी तिला फारशी कळायची नाही. कोपराने ढोसून विचारायची, "काय बोल्ला?" मी सांगायचो.

कापडाच्या लूमवर काम करून माझे कान लवकर गेले होते. कारखान्यात त्या खडखडाटात आम्ही ओठांवरूनच एकमेकांचं बोलणं ओळखायचो, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. तिलाही नाही. पण त्या पुसट चित्रात ओठ कुठे दिसणार? मग मी मनानेच संवाद रचायचो. ती डोळे पुसायची, हसायची. खराब चित्राने तिचं काहीच बिघडलं नाही.

एकदा पडद्यावर आई दारात उभी राहून मुलाला काहीतरी म्हणत होती. मी सांगितलं, "जेवून जा, म्हणते." ही रडली.

दुसऱ्या दिवशी मीही पाणी भरायला गेलो होतो, तेव्हा नळावर तिने तो प्रसंग बायकांना रंगवून सांगितला. शेजारीण खो खो हसली. "अगो, हाकलत होती ती त्याला! तू जेवायला कुठं बसवलंस?" सगळ्या हसल्या. हिने माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलली आणि म्हणालो, "हिला हिंदी कळत न्हाय. कायतरीच सांगते."

त्यानंतर दर रविवारी तिचं डोकं दुखायला लागलं. मी एकटा जात राहिलो.

आता काल्हेरला मुलाच्या घरी भिंतभर टीव्ही आहे. परवा त्याने तोच सिनेमा लावला, धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. दारातल्या आईचे ओठ मला पहिल्यांदा दिसले. "मेलास तू आमच्यासाठी," म्हणत होती. माझी बायको बाजूला असायला हवी होती, असं फार वाटलं.

मुलगा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "आई असती तर कंटाळून उठली असती."

मी त्याला सिनेमा थांबवायला लावला आणि नळावरची गोष्ट सांगितली. कान तेव्हाच गेले होते, हेही.

त्याने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, "बाबा, हे आईला कधी सांगितलंत?"

"नाही," मी म्हणालो. "रोज समोर होती. नाही सांगितलं."