अप्पांनी मोकळी केलेली माती

सकाळी दारातला पाला गोळा करत होते, तेवढ्यात अप्पांच्या सुनेचा फोन आला. "बाई, मामंजी गेले... झोपेतच." हातातला खराटा तसाच राहिला. आदल्याच संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहून मला चिडवत होते, "तुमच्या कडुलिंबाचा पाला कुणीकडं चाललाय बाई? कचऱ्याच्या गाडीत घालाल तर भांडण हाय बघा." महिना होऊन गेला. अजूनही पाला उचलताना मी फाटकाकडे बघते.

विश्वनाथअप्पांचं चौसाळ्यात बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. राहायला बीडला, आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत. ते अध्यक्ष, मी सचिव. मी शाळेत शिकवायचे, म्हणून शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'बाई'च राहिले. आमची कॉलनी उभी राहिली ती शाळूच्या काळ्याभोर रानावर. घरं झाली, रस्ते झाले, मधोमध तेवढं एक मैदान उरलं. मग दुष्काळ आला. टँकर त्या मैदानात उभा राही, पाणी सांडे, चिखल होई आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया घसरून पडत. एकीचा हात मोडला, तेव्हा अप्पांनीच ठराव मांडून मैदानभर सिमेंट घातलं. वरची काळी माती ठेकेदारानं खरवडून नाल्यात नेऊन टाकली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे तिथंच हळदीकुंकवं झाली, मांडव पडले, आणि दर वेळी अप्पांचं नाव निघायचं. त्यांनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

काही वर्षांनी सिमेंटखालचा पाइप फुटला आणि खोदावं लागलं. अप्पा खड्ड्याशी उकिडवे बसले ते उठेचनात. खालून निघालेली माती फिकी होती, घट्ट ढेकळांची. मग ते माझ्या कडुलिंबाखालची मूठभर माती घेऊन आले. काळी, भुसभुशीत... एक गांडूळही वळवळत होतं. दोन्ही मुठी त्यांनी माझ्यापुढे धरल्या. "ह्या दोगी एकाच रानातल्या. वास घिऊन बघा." एकीला वास होता, दुसरीला कसलाच नव्हता. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पाला पडतो, मुळ्या कुजतात, त्यातनं मातीत कर्ब साठतो. वर झाकण घातल्यावर तिला खायला कोण घालणार? हाय ते बी सरत जातं, हवेत जातं. जलमभर शेतकऱ्याला सांगत आलो, शेणखत घाला, कर्ब वाढवा... आन् दारातल्या मातीचं तोंड मीच दाबलं."

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी सिमेंट फोडायचा ठराव आणला. आमच्या शेजारचे निवृत्त फौजदार भडकले. "घालताना तुमीच, फोडताना बी तुमीच. हा काय पोरखेळ हाय का अप्पा?"

"न्हाई. चूक हाय. आन् ती माजी हाय."

"मग खुर्ची सोडा."

"सोडतो. पर सिमेंट फुटलं पायजे."

टँकरच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या आणि बायांना उभं राहायला एक ओटा ठेवायचा, बाकी मैदान उघडायचं, असं कसंबसं ठरलं. चहा सोडून इतर कशावर आमच्या संस्थेत एकमत झाल्याचं मला आठवत नाही. अप्पांचं अध्यक्षपद मात्र गेलं.

मला वाटलं, आता हा माणूस हिरमुसून घरात बसेल. पण सिमेंट फोडून उचललं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ते खुरपं घेऊन मैदानात हजर. उघड्या मातीत पहिलाच घाव घातला तर दगडावर बसावा तसा आवाज आला आणि खुरप्याचं टोक वाकलं. शेवटी पहार आणावी लागली. तेव्हापासून त्यांचा नेम सुरू झाला. नेकनूरहून शेणखत आणायचं, घराघरांतला पाला मागून घ्यायचा, तो पसरायचा, खुरप्यानं खालीवर करायचा. माझ्याकडे पाला आणून टाकायचं काम होतं. एकदा मी म्हटलं, "अप्पा, किती दिवस चालायचं हे?" तर हसले. "ही पहिल्यावानी व्हायला लई काळ जाईल. आपल्या हयातीत न्हाईच. पर झाकली आपण, तर उघडायला बी आपलाच हात पायजे."

मोठी माणसं चुकतात हे मी शाळेत रोज बघितलं होतं. पण टाळ्या मिळालेली चूक भर सभेत आपली म्हणायची आणि मग रोज सकाळी ती निस्तरायला जायचं, हे मला अप्पांनी दाखवलं. त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. हे त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं, तर "बाई, पाला आणा आधी," म्हणाले असते.

अप्पा लिंगायत. त्यांच्यात दफन करतात आणि बायकाही माती द्यायला जातात. निघायच्या आधी मी मैदानात गेले. त्यांचं वाकड्या टोकाचं खुरपं नेहमीच्या जागी, पट्टीच्या कडेला होतं. मी ते कधी हातात धरलं नव्हतं. मूठभर माती घ्यावी म्हणून टेकवलं, जोर लावायला पाय रोवले... आणि ते नुसत्या हाताच्या भारानं मुठीपर्यंत आत गेलं. मी तिथंच बसून रडले.

ती माती पदरात बांधून नेली. भस्म झालं, बेल वाहून झाला, माझी पाळी आली. गाठ सोडत होते, तेवढ्यात फौजदारांनी शेजारून ओंजळ पुढे केली. "बाई, मला बी त्यातलीच द्या."

खुरपं अजून तिथंच असतं. ज्याला लागेल तो घेतो आणि काम झालं की परत जागेवर ठेवतो. तसा ठराव कुणी मांडलेला नाही.