लाडकी बोटी घासते

मुरब्याच्या खाडीकाठी जुन्या फायबरच्या बोटी ओंडक्यांवर चढल्या की जुना रंग काढायला लाडकीला बोलावणं जातं. बोईसरहून मशीन भाड्याने आणणारे शहाणेही आहेत. पण मशीन रंगाबरोबर बोटीचं कातडंही खातं, आणि मग मालक डोक्याला हात लावून बसतो. लाडकी हाताने घासते. ओला पॉलिश पेपर, बादलीभर पाणी, नाकावर पदर. एक थर निघाला की त्याखालचा. काम सुरेख, पण इतकं सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. ती सावकाश का घासते हे गावाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच कुणी विचारत नाही.

तिचा नवरा जिव्या गावातल्या तात्याच्या बोटीवर खलाशी होता. नवा खलाशी पहिल्यांदा निघताना बोटीच्या नाकाडावर रंगात बुडवलेला पंजा उमटवतो, अशी त्यांची रीत. जिव्याची करंगळी अर्धीच. उरलेली बर्फ फोडायच्या मशीनने खाल्लेली. निघायच्या आदल्या दिवशी तात्याने त्याच्याकडून मासे ठेवायचा खणही आतून रंगवून घेतला. दमट हवेत तो हिरवा रंग काही वाळेना. जिव्या शर्ट हिरवा करून घरी आला, तेव्हा लाडकीने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दोघांचं शेवटचं बोलणं तेच.

मग वादळ झालं. तात्या दारात येऊन ढसाढसा रडला. "बोट तळाला गेली गो, माणसांसकट."

लाडकीने ते मानलंच नाही. प्रेत नाही, बोटीचा तुकडा नाही. नुसत्या तात्याच्या शब्दावर कुंकू पुसायचं? तिने दिवस घालू दिले नाहीत. बोट बुडालीच नसेल, रंग बदलून कुठल्यातरी बंदरात फिरत असेल, आणि बोट असेल तर जिव्याही असेल, असं तिने मनाशी धरलं. तेव्हापासून ती लोकांच्या बोटी घासते आणि रंगाखाली पंजा शोधते. वेडी म्हणायचं तर म्हणा, पण असं वेड कुणासाठी तरी लावून घेता यायला हवं.

यंदा गावातल्या रामाने गुजरातेकडून एक जुनी पांढरी बोट विकत आणली. खाडीला ओहोटी होती, दुपारचं ऊन चिखलावर साचलं होतं, एक कावळासुद्धा ओरडत नव्हता. लाडकीने नाकाडापासून सुरुवात केली. पांढऱ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर तांबडा पंजा. करंगळी अर्धी.

तिने त्यावर आपला तळवा ठेवला आणि खदखदून हसली. "बोट बुडालीच नाय रामा! जिता हाय माजा जिव्या!"

बोट आली, मग माणूस का नाही आला, या विचाराने रामाचा चेहरा उतरला. ती पंजाच्या कडेने पुन्हा घासू लागली, तेव्हा आतून आवाज आला. खर्र. खर्र. तिच्याच हाताच्या तालात. तिने हात थांबवला. आतला आवाज त्यानंतर आणखी एकदा झाला.

"पोकळ बोट हाय वयनी, आवाज घुमतो," रामा म्हणाला; पण म्हणताना मागे सरकला.

लाडकी पेपर घेऊन बोटीत चढली आणि खणात उतरली. आत कुणी नव्हतं. तिने झाकणाची आतली बाजू घासली. वरचा पांढरा रंग निघाला, खालचा हिरवा दिसू लागला. पण पांढरा सगळाच निघेना. हिरव्यातल्या चरांत तो अडकून बसला होता. ओल्या रंगात बोटांनी ओरबाडलेले चर. चार लांब, एक आखूड. पुन्हा चार लांब, एक आखूड. सगळं झाकण भरलेलं.

बोट उलटली होती. जिव्या आत अडकला होता. तात्याला ती सापडली, तेव्हा आत जे होतं ते त्याने समुद्रात सोडलं, चरांवर पांढरा रंग फासला, बोट गुजरातेकडे विकली आणि मग तिच्या दारात येऊन रडला.

खणातून लाडकीचा आवाज आला, अगदी रोजचा.

"रामा, पाणी गरम करून आण."

"घासायला थंड चालतं की, वयनी."

"घासायला नाय. त्याला आंघोळ घालायचीय."

रामाने तिथेच काठावर तीन दगड मांडून चूल पेटवली. पाणी तापेपर्यंत लाडकी झाकणाला तळवा लावून बसून राहिली.