बिनगव्हाची गिरणी

इंदिरानगरात मल्हारीची पिठाची गिरणी होती आणि तिचा त्याला भारी तोरा होता. विंचूरहून आलेला हा गडी पीठ चिमटीत चोळूनच जाड-बारीक ओळखायचा. पण घरात त्याची चैताली वाळत चालली होती. पोट फुगलेलं, चेहरा पांढरा, कबड्डीच्या संघातून नाव गळालेलं. गिरणीवाल्याची पोर अन् अन्न अंगाला लागत नाही, हे मल्हारीच्या जिवाला फार लागायचं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सीलिअ‍ॅक हा आजार सांगितला. आतड्याच्या अस्तरावर बारीक लव असते, ती अन्नातलं सत्त्व शोषते. गव्हातलं ग्लूटेन तिथं पोचलं की चैतालीच्या अंगातली रोगाशी लढणारी फौज चवताळते आणि स्वतःचंच अस्तर झोडपून काढते. गहू कायमचा सुटला, तर लव पुन्हा उगवेल.

मल्हारीने त्याच दिवशी घरातली कणीक हद्दपार केली. बाजरीची भाकरी सुरू झाली, तरी पुढचा रिपोर्ट जैसे थे. पोर चोरून बिस्किटं खाते म्हणून तो तिच्यावर डाफरला, बायको चंद्रभागावरही चिडला. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं की बाजरी दळता कुठे?

बाजरी मल्हारीच्याच गिरणीत दळली जात होती. गव्हाचं दळण संपलं की मूठभर बाजरी फिरवायची, की गिरणी स्वच्छ झाली, असं त्याने जन्मभर मानलं होतं. दगडांना चिकटलेला गहू त्याच्याच हातून पोरीच्या ताटात जात होता.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

त्याने दगड बदलले, गिरणी धुऊन पुसून काढली आणि बाहेर पाटी लावली: इथे गहू दळला जात नाही. शेजारच्यांनी त्याला वेड्यात काढलं. रोजची गिऱ्हाइकं तुटली, चंद्रभागाने डोक्याला हात लावला, पण गडी हटला नाही. हळूहळू असाच आजार असलेली माणसं ज्वारी, नागली म्हणजे नाचणी घेऊन पार सटाण्याहून येऊ लागली.

गिरणीतला गहू बंद होईपर्यंत, अंगावरच्या गव्हाच्या पिठाच्या धास्तीने, गिरणीतून आलेला मल्हारी अंघोळ केल्याशिवाय चैतालीच्या जवळ जात नसे. ती सवय तशीच राहिली. म्हणून एके दुपारी भरल्या अंगाची, लालबुंद गालांची चैताली शाळेतून थेट गिरणीत धावत आली, तेव्हा तो पिठाचे हात वर करून मागे सरला.

"पप्पा, संघात घेतलं मला," ती म्हणाली. "आणि मागे काय सरता? नागलीच आहे ना ती."

मल्हारीने तिला घट्ट पोटाशी धरलं. दोघं नखशिखान्त पिठाने माखून घरी आले, आणि चंद्रभागा रागवायचं विसरून बघतच राहिली.